पत्तीसकट कापूस

मार्गशीर्षात तेलंगणातल्या मुधोळहून भैंशाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसानं फुगलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना काट्यांना घासतात आणि प्रत्येक गाडी थोडासा कापूस मागं ठेवून जाते. परवा बसच्या खिडकीतून ते दिसलं आणि मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. बैलगाड्या आता कमी झाल्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो वाढले, पण बाभळींना त्याचं काही नाही.

भैंसा जवळ आलं की वास बदलतो. सरकीचा तेलकट, किंचित गोड वास, त्यात जिनिंगच्या तापलेल्या रुळांचा करपट वास, आणि हवेत तरंगणारी रुई. या दिवसांत तिथला माणूस बोलता बोलता नाक चोळत असतो. मला मात्र तो वास आला की छाती भरून येते आणि लगेच मागोमाग अपराधी वाटतं, की छाती भरून यावी असं आपण एकट्यानं केलंय तरी काय.

अपराधी वाटण्याची मला जुनी सवय आहे. रजा घेतली तर वाटतं, नवा सदरा घातला तर वाटतं. बायको म्हणते, "तुम्हाला ताप आला तर तुम्ही तपासणाऱ्या डॉक्टरांची माफी मागाल." खरं आहे. त्यामुळं अभिमान वाटतो असं कुठं लिहायची वेळ आली की माझी लेखणी अडते. पण दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामाबद्दल मला अभिमान वाटतो. हे एकदाचं लिहून टाकलं म्हणजे पुढचं सोपं जाईल.

हल्ली आमच्या कॉलेजात पीएच.डी.ला नवी मुलं आली की त्यांना नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे येतं. नेमकी कापसाच्याच दिवसांत ती येतात. मी सांगतो, आधी पुन्हा विद्यार्थी होऊन ठरलेले विषय शिकायचे, त्यांच्या परीक्षा द्यायच्या. मग आजवर शिकलेल्या सगळ्यावर एक सर्वंकष परीक्षा, जिच्यात समिती वाटेल ते विचारू शकते. मग संशोधनाचा आराखडा. मग खरं काम, आधी कुणी न केलेलं, आणि ते शोधनिबंध होऊन छापून आलेलं. त्यानंतर प्रबंध, परगावच्या परीक्षकांचे अहवाल, आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा. खुली म्हणजे खरोखरच खुली. तिथं कुणीही येऊन बसू शकतं आणि कुणीही प्रश्न विचारू शकतं. आणि हे सगळं मुदतीच्या आत. मुलं माना डोलावतात. एखादी मुलगी विचारते, "सर, यातलं सगळ्यात अवघड काय?" ती गणिताबद्दल विचारत असते, म्हणून मी गणिताबद्दलच काहीतरी सांगतो.

मी स्वतः नोंदणी केली तेव्हा तिशीला टेकलो होतो. पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होतो, लग्न झालेलं होतं, समोरचे केस विरळ व्हायला लागले होते. अभ्यासरजा घेऊन हैदराबादला गेलो आणि कोवळ्या मिशीच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसलो. पहिल्या परीक्षेला मी उत्तरपत्रिकेवर नाव घालत होतो, तेव्हा शेजारच्या पोरानं उभं राहून अदबीनं माझ्याकडे पुरवणी मागितली. मी त्याला म्हणालो, "मीही तुमच्यासारखाच आहे." तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

गावी गेलो की गंगाधर विचारायचा, "दादा, आता कितवी?"

गंगाधर माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले आणि वावर त्याच्याकडे आलं. तेव्हा तो नुकता मॅट्रिकला होता. मी कॉलेजात होतो म्हणून मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही. हे माझ्या मनात कायम असतं. त्याच्या मनात असलंच तर तो दाखवत नाही. तो फक्त विचारतो, "सोळावी झाली, सतरावी झाली, अठरावी झाली. ह्या शाळेले शेवटचा वर्ग हाय का नाई?"

"आहे रे. हा शेवटचाच."

"मागल्या साली बी हेच म्हनला होतास."

माय चुलीपाशी बसून म्हणायची, "शिकू दे बापा त्याले. वावरात तसा बी काही कामाचा नाई तो." हे ती माझ्या बाजूनं बोलत असे.

विषय मी कापसाचाच घेतला होता. लहानपणी बाजाराच्या दिवशी मी वडलांच्या गाडीवर बसून भैंशाला जायचो. आमची पाळी आली की व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर कापूस ओढून काढायचा, उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "पत्ता बहोत है, पटेल." मग भाव खाली यायचा. त्याची मूठ खोटी नसायची. वेचणीच्या वेळेला कपाशीची पानं वाळून कडक झालेली असतात, हात लागला की चुरा होतो, तो चुरा कापसाला चिकटतो. वेचणाऱ्या बाईला वजनावर मजुरी, तिनं थांबून पत्ती काढावी कशाला? पुढं गंगाधर गाडी घेऊन जायला लागला, तेव्हा त्यानंही तेच वाक्य ऐकलं आणि तशीच मान खाली घातली.

म्हणून मी एक साधं यंत्र बांधलं. लाकडी चौकट, तिच्यात दातेरी रूळ, रुळाखाली तारेची जाळी. रूळ फिरला की कापूस जाळीवर आपटत पुढं जातो आणि वाळकी पत्ती, बोंडांचे तुकडे, माती खाली पडतात. रूळ जोरात फिरवला तर धागा तुटतो, हळू फिरवला तर पत्ती राहते. या जोरात आणि हळूच्या मधली जागा शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. प्रबंधात ती जागा समीकरणांच्या रूपात आहे. गंगाधर त्या यंत्राला चाळणी म्हणायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला परीक्षकांचे अहवाल आले. एकानं पसंती दिली. दुसरे दक्षिणेकडचे, कापसाच्या यंत्रांत आयुष्य घालवलेले वृद्ध गृहस्थ. त्यांनी काम चांगलं आहे असं लिहून एक अट घातली होती. माझ्या चाचण्या जिनिंगमधल्या ढिगातल्या कापसावर झाल्या होत्या. आता शेतकऱ्याच्या वावरातून थेट आलेला, कुणी न निवडलेला कापूस त्यांच्यासमोर यंत्रातून काढून दाखवायचा. ते पाहिल्यावरच मौखिक परीक्षेचं ते ठरवणार. आणि माझी मुदत संपत आली होती. विद्यापीठातला कारकून भला माणूस, पण त्याचा नाइलाज होता. तो म्हणाला, "अब मोहलत नै मिलती साब. होली के बाद आप का रजिस्ट्रेशन खतम."

म्हणजे हा हंगाम हुकला तर सगळंच गेलं असतं. इतक्या वर्षांचं काम कपाटात राहिलं असतं आणि मी पॉलिटेक्निकमध्ये परत जाऊन उरलेला जन्म लोकांच्या नजरा चुकवल्या असत्या. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दिवाळीला गावी गेलो आणि घरी सांगितलं, "मधल्या वेचणीतला चार पोती कापूस माझ्यासाठी बाजूला ठेवा. विकू नका. संक्रांतीनंतर मोठे साहेब बघायला येणार आहेत." एवढंच सांगितलं. माझ्या डोक्यात बाकी सगळं इतकं स्पष्ट होतं की ते बोलायची गरज आहे असं मला वाटलंच नाही.

संक्रांत झाली. साहेब यायच्या दोन दिवस आधी मी दुपारी घरी पोचलो. ऊन सौम्य होतं. अंगणात पऱ्हाट्यांची, म्हणजे उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या झाडांची, गंजी रचलेली होती, वर्षाचं जळण. ओसरीत चादरी अंथरल्या होत्या आणि त्यांवर मायच्या हाताखाली गल्लीतल्या पाच-सहा बाया गोल करून बसल्या होत्या. मधोमध कापसाचा ढीग होता. इतका पांढरा कापूस मी जन्मात पाहिला नव्हता. बाजूला एका सुपात तपकिरी चुरा साठला होता.

"आला का?" माय म्हणाली. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "पाह्य कसा झाला. वाती वळाले बी इतका चोखा कापूस निघत नाई."

"हे काय करून राह्यल्या तुमी?"

"काय म्हंजे? तुहा सायब येऊन राह्यला ना? मंग आपल्या घरचा कापूस असा पत्तीचा दाखवाचा त्याले?"

राधाकाकी, माझी चुलती, बोटं मोडत म्हणाली, "संक्रांतीचे तीळगूळ बी नीट वाटले नाई रे बाप्पा. बोटं सुजले. परीक्षा तुही, पेपर लिहून राह्यलो आमी."

बाया हसल्या. मी पायरीवर बसलो.

"माय," मी म्हणालो, "मले पत्तीचाच कापूस पाह्यजे होता."

"म्हंजे?"

"माही मशीन पत्तीच काढते. कापसात पत्तीच नाई तं मशीन काय दाखवन?"

तिनं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बायांचे हात थांबले. एका बाईनं हातातला पत्तीचा तुकडा टाकावा की ठेवावा हे न कळून तो तसाच धरून ठेवला.

"सायबाले कचरा दाखवाचा होता?"

"हो."

"मंग काऊन सांगतलं नाई?" माय म्हणाली. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, की कुठल्या पाहुण्याला कधी घरातला कचरा दाखवतात.

गोठ्यातून गंगाधर आला. काय झालं ते ऐकून तो इतका हसला की त्याला खांब धरावा लागला. "एवढ्या वर्गांतून गेलास दादा, आन् मायले एक गोष्ट सांगता आली नाई?" मग डोळे पुसून म्हणाला, "पन काही बिघडलं नाई. हे सूप पाह्य ना. तेवढीच पत्ती हाय. टाकतो परत आन् कालवतो."

आता मी जे लिहितो आहे ते घरात आजवर फक्त बायकोला सांगितलं आहे. चहा येऊन तो पिऊन होईपर्यंत मी त्यावर गंभीरपणे विचार केला. वरून टाकलेली पत्ती कापसाला धरून राहत नाही. ती नुसती पडून असते, पहिल्या फेऱ्यालाच खाली येते. माझ्या यंत्राचा निकाल प्रबंधातल्यापेक्षाही सुरेख आला असता. परीक्षकांना तो खरा वाटला असता, कारण तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा म्हणूनच ते इतक्या लांबून येत होते. कप खाली ठेवला तेव्हा मी म्हणालो, "नाई गंगाधर. ते खोटं होईन."

"कोनाले समजनार हाय?"

"मले."

हे वाक्य ऐकायला मोठं वाटतं. ते धैर्यानं म्हटलं होतं की भीतीनं, हे मी अजून सांगू शकत नाही. माझ्यासारख्या माणसाला आधीच इतकं अपराधी वाटत असतं, की त्यात आणखी एका अपराधाची भर पेलवली नसती. एवढाच हिशेब असेल कदाचित.

गंगाधरनं वाद घातला नाही. "मंग कापूस कुठून आनतो? पऱ्हाट्या तं उपटून झाल्या." त्यानं गंजीकडे बोट दाखवलं. सगळ्या गावात तीच स्थिती होती, आणि घरांतला कापूसही विकून झाला होता.

तेव्हा राधाकाकी म्हणाली, "माह्या नाल्याकडच्या वावरात फरदड उभी हाय."

हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेल्या कपाशीला फरदड म्हणतात. ओल असेल तर तिला पुन्हा बोंडं धरतात, पण लहान, अर्धवट उमललेली. कापूस पिवळसर आणि चिवट. पत्ती अशी वाळलेली की नुसती सावली पडली तरी चुरा व्हावा. यंत्राची परीक्षा घ्यायला याहून वाईट कापूस मिळाला नसता, आणि दुसरा कुठला मिळतही नव्हता.

"फरदडीचा?" माय म्हणाली. "मोठ्या सायबाले फरदडीचा कापूस? नाक कापशीन माहं." पण असं म्हणत असतानाच तिनं पदर खोचला होता.

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर आम्ही नाल्याकडच्या वावरात गेलो. ते दृश्य मी कितीही वेळा आठवलं तरी जुनं होत नाही. माघातलं कोवळं ऊन, खाली नाल्यात उरलेलं डबकं, पलीकडं तुरीच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळ आवाज, आणि ओळीनं वाकलेल्या बाया, कमरेला ओटी बांधलेल्या. ज्यांची बोटं कालपर्यंत माझ्यासाठी पत्ती काढून सुजली होती, त्याच आज माझ्यासाठी पत्तीसकट वेचायला आल्या होत्या. कुणी कुरकुर केली नाही, चेष्टा मात्र भरपूर केली.

"आज कचरा घ्या व बायांनो," राधाकाकी ओरडली, "इंजिनेराच्या घरी कचऱ्याचं लगन हाय!"

अडचण अशी झाली की मायला तसं वेचता येईना. रोजच्या घाईत तिच्याही ओटीत पत्ती येतच असे. पण आज लक्ष देऊन वेचायचं म्हटल्यावर तिचा हात आपोआप चोखंदळ झाला. बोंडातून कापूस काढता काढता अंगठा पत्ती झटकून टाकायचा.

"माय, झटकू नको. रोजच्यासारखं वेच."

"रोजच्यासारखंच वेचून राह्यली."

"हे काय, आत्ता झटकली."

"माह्या हातानं झटकली असन. मी नाई झटकली."

बाया हसून हसून खाली बसल्या. शेवटी मीच ओटी बांधली. वावरात वेचायला मी किती वर्षांनी उतरलो होतो कोण जाणे. माझी बोटं बोंडाच्या टोकांवर ओरखडली, कापूस अर्धा तुटून आत राहिला आणि पानांचा चुरा मनगटापर्यंत चिकटला. राधाकाकीनं माझ्या ओटीत डोकावून सगळ्यांना बोलावलं. "इकडं या व, पाहा! ह्याच्या हाताले बराबर कचरा येते. सोडा तुमी, वेचू द्या यालेच." त्या दिवशी माझ्या हातून पहिल्यांदा वावरातलं काम नीट झालं असं गंगाधर अजून सांगतो.

उन्हं कलेपर्यंत पोती भरली. कमरेवर हात ठेवून बाया सरळ झाल्या, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. एका पदवीच्या एका अटीपायी इतक्या पाठी वाकाव्यात का, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून पडतो. पण त्या दिवसाची आठवण गल्लीत आजही निघते आणि ती सांगताना त्या कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं सांगत नाहीत. आमची परीक्षा होती असं सांगतात.

भैंशाच्या एका जिनिंगच्या शेठनी शेडचा कोपरा दिला होता. माझे गाइड हैदराबादहून परीक्षकांना घेऊन आले. गंगाधर गाडी हाकत होता आणि पोत्यांवर माय व राधाकाकी बसून आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

यंत्र सुरू केलं. प्रबंधातल्या गतीवर रूळ फिरला आणि थोड्याच वेळात फरदडीचा चिवट कापूस दात्यांना गुंडाळून बसला. मी यंत्र थांबवलं, हातानं कापूस सोडवला, पुन्हा सुरू केलं. गती कमी केली. सदरा पाठीला चिकटला. जाळीखाली चुरा पडत होता, पण बाहेर येणाऱ्या कापसात अजून पत्ती दिसत होती, बारीक आणि काळी. वजनं केली. निकाल प्रबंधात लिहिला होता त्यापेक्षा बराच खाली आला.

परीक्षकांनी मूठभर कापूस उचलला, बोटांनी ताणला, तोंड जरा वाकडं केलं आणि इंग्रजीत विचारलं, "कमी का आला?"

मी सांगितलं. हा शेवटच्या वेचणीचा कापूस आहे. चांगला बाजूला ठेवला होता, पण घरच्या बायांनी तो तुमच्या मानासाठी निवडून काढला. मी हे सांगत असताना माझे गाइड छताकडे पाहत होते. परीक्षक म्हणाले, "काढलेली पत्ती परत मिसळता आली असती."

"हो," मी म्हणालो. "विचार केला होता."

हातातला कापूस त्यांनी परत ढिगावर ठेवला. जाताना एवढंच म्हणाले की हा निकालही प्रबंधात जोडा, आणि तो असा का आला ते सभेपुढं समजावून सांगायची तयारी ठेवा. गाइडनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मौखिक परीक्षा होणार.

माय मात्र परतताना गाडीत रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत बसली होती. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, "तोंड पाह्यलं का त्याचं? आपला कापूस हातात घेतला आन् तोंड वाकडं केलं."

त्या यंत्राचं पुढं फार काही झालं नाही. दोन-तीन जिनिंगांनी बांधून घेतलं, नंतर मोठी परदेशी यंत्रं आली आणि माझी चौकट मागं पडली. त्या कामावर आणखी दोघांनी काम केलं, त्यांचं काम माझ्यापेक्षा सरस आहे. याचं मला वाईट वाटत नाही. संशोधन म्हणजे बरंचसं असंच असतं. पण विद्यार्थ्यांना नियम सांगताना "मूळ आणि प्रामाणिक काम" हे शब्द येतात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं प्रयोगशाळा येत नाही. नाल्याकडचं वावर येतं.

होळीच्या आधी मौखिक परीक्षेचा दिवस ठरला. माय म्हणाली, "मी बी येतो. तिथं कोनी बी येऊन बसू शकते म्हने ना?" ते मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. ती आणि राधाकाकी बासरला रेल्वेत बसल्या. गाडी सुटताना दोघींनी सरस्वतीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. हैदराबादला सभागृहात पहिली रांग प्राध्यापकांसाठी रिकामी ठेवलेली असते. माय जाऊन सरळ पहिल्या रांगेत बसली. कुणाची तिला उठवायची हिंमत झाली नाही.

मी बोललो. भैंशाच्या निकालापाशी आलो तेव्हा परीक्षकांनी मला बराच वेळ धरून ठेवलं. चिवट धाग्याचं काय, गतीचं काय, समीकरण इथं का चुकतं? जिथं माहीत होतं तिथं उत्तर दिलं, जिथं नव्हतं तिथं माहीत नाही म्हणालो. अखेर अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणं समोरच्या रांगांकडे हात करून विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" हा प्रश्न विचारायचा असतो आणि त्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं असतं.

माय उभी राहिली.

"मले विचाराचं नाई, सांगाचं हाय," ती म्हणाली.

सभागृहात आम्हा घरच्यांशिवाय मराठी कळणारं कुणी नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "उमेदवारानं भाषांतर करावं."

माय परीक्षकांकडे तोंड करून बोलली. "सायब, तुमी त्या दिशी पाह्यला तो कापूस फरदडीचा होता. आमच्या घरचा कापूस असा नसते. आमचा मधल्या वेचणीचा कापूस पाह्याले येजा कधी. आन् त्यातला निम्मा कचरा तं ह्यानंच आनला. ह्याले वेचता येत नाई."

मी सगळं भाषांतर केलं. शेवटचं वाक्य गाळावं असं एक क्षण वाटलं, पण गाळलं नाही. सभागृह हसलं, माझे गाइड हसले, आणि परीक्षकही हसले, शेडमध्ये एकदाही न हसलेले. मग ते गंभीर झाले, समोरच्या कागदावर काही लिहिलं आणि मला म्हणाले, "बाईंना सांगा, त्यांची हरकत योग्य आहे. त्या निकालाच्या तक्त्यावर हा शेवटच्या वेचणीचा कापूस असल्याचं ठळक लिहायला हवं. ते नसेल तर वाचणारा त्या भागातल्या कापसाबद्दल चुकीचं मत करून घेईल."

ते आत गेले, समितीशी बोलून परत आले. अध्यक्षांनी उभं राहून जाहीर केलं की उमेदवाराला पदवी देण्याची शिफारस करण्यात येत आहे. टाळ्या सुरू झाल्या. गाइड माझ्याकडे यायला निघाले होते, पण त्याआधी मायनं माझी बाही ओढली.

"काय म्हनला तो?"

"झालं माय. पदवी भेटली."

"ते नाई. फरदडीचं लिहून घेतलं का त्यायनं?"

"घेतलं. तक्त्यावर टाकाले लावलं."

"मंग जमलं," माय म्हणाली, राधाकाकीकडे वळून तिनं मान हलवली, आणि मग दोघींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.